डालग्याखालची कोंबडी

"हौसाबाई, तुमचा बांबू माझ्या अंगणात आलाय!"

नलवडे गुरुजी बांधापलीकडून ओरडले तेव्हा मी ओसरीवर सुपाचा काठ बांधत होते. मी हात थांबवला नाही. काठ अर्धा सोडला की सूप वाकडं होतं, मग ते पाखडायला घेणारी बाई जन्मभर बांधणारणीला शिव्या देते.

"आलाय तर चहा पाजा की त्याला," मी म्हटलं.

"चेष्टा नको. तीन कोंब आलेत. एकानं हौदाजवळची फरशी उचललीय. नवी फरशी आहे ती."

"माझा बांबू माझ्या घरात राहतो, गुरुजी. मी राहते तसा. कधी आलेय तुमच्याकडं न बोलावता?"

"मी ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय," गुरुजी म्हणाले आणि आत गेले.

तेव्हा कुठं माझा हात थांबला.

याला अठरा वर्षं झाली. गाव आजऱ्याच्या खालच्या अंगाला, पाऊस असा की चार महिने चूल धुरावते. आम्ही बुरूड. माझ्या लग्नात इतर पोरींच्या बापांनी भांडीकुंडी दिली, माझ्या बापानं खांद्यावरून माणग्याचा एक गड्डा आणला. माणगा म्हणजे आमच्याकडचा बिनकाट्याचा, भरीव बांबू. गड्डा बघून सासरच्या बायका तोंडावर पदर घेऊन हसल्या. सासूबाई तर म्हणाल्या, "घराजवळ बांबू? सगळं घर गिळंल की हो."

माझ्या बापानं हसणाऱ्यांकडं पाठ केली. परसात जागा बघितली, गड्डा पुरला, आणि त्याच्याभोवती गोल चर खणला. दोन हात खोल, एका फावड्याच्या रुंदीचा. मग मला चराच्या काठावर उभी करून म्हणाला, "पोरी, याला वर जाऊ दे, बाजूला जाऊ देऊ नको. दरसाल मृगाच्या आधी चर साफ करायचा. जी मुळी चरात डोकावंल ती तोडायची. श्रावणात पुन्यांदा बघायचं. चराच्या बाहेर कोंब आला तर त्याची भाजी करून खायाची, त्याला उभा राहू द्यायचा न्हाई. आणि काठी तोडायची ती आतली, जुनी. बाहेरची पोरं असतात, त्यांना हात लावायचा न्हाई."

एवढंच शिक्षण. शाळा माझी दुसरीत सुटली ती सुटली.

सासूबाई गेल्या, नवरा तर त्यांच्याही आधी गेला. गड्ड्याचं बेट झालं. गावातल्या लग्नातली सुपं, दुरड्या, भात ठेवायच्या कणग्या, कोंबड्यांची डालगी, सगळं त्या बेटातून माझ्या हातानं गेलं. दोन लेकरं मी त्या बेटाच्या सावलीला वाढवली. आणि चाळीस वर्षांत ते बेट बापानं आखलेल्या रिंगणाच्या बाहेर गेलं नव्हतं. परगावचा पाहुणा आला की गावची माणसं त्याला देवळाआधी माझा चर दाखवायची. हे मी फुशारकीनं सांगत नाही. फुशारकीनं सांगायचं असतं तर आणखी बरंच आहे.

संध्याकाळी सरपंच आण्णाप्पा देसाई अर्ज घेऊन आले. ओसरीवर बसले, चष्मा लावला, वाचायला लागले. पहिल्याच ओळीला मी त्यांना अडवलं.

"अतिक्रमण म्हणजे?"

"म्हणजे दुसऱ्याच्या जागेत शिरायचं."

"एवढंच? मग त्याला एवढा मोठा शब्द कशाला? गुरुजींची म्हस माझ्या वांग्यात शिरती तेव्हा तिला कोण अर्ज देत नाही."

आण्णाप्पा हसले, पण अर्ज घडी करून खिशात ठेवला नाही. "हौसाक्का, हे बघ. गुरुजी शिकलेलं माणूस. तालुक्यापर्यंत जातील. रविवारी आम्ही पंच येऊन बघतो. कोंब तुझ्या बेटाचे निघाले तर बेट काढावं लागंल. मशीन लावून, मुळासकट."

"निघाले तर पहिला घाव मी घालीन," मी म्हटलं. "आणि नाही निघाले तर गुरुजींनी माझ्या ओसरीवर बसून एक सूप विणायचं. सांगा त्यांना."

"आत्या!" आतून सुनेचा आवाज आला.

माझी सून विजयमाला. गडहिंग्लजची, कॉलेजात दोन वर्षं काढलेली. घरात येऊन चार वर्षं झाली होती, पण बांबूच्या कामटीला अजून असा हात लावायची जसं विंचू धरतेय. मी तिला "पुस्तकातली बाई" म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, मागं बोलायची मला सवय नाही.

सरपंच गेल्यावर ती बाहेर आली. "आत्या, बांधाकडचा चर औंदा मारलाय न्हवं?"

"चाळीस वर्षं मारतीय. औंदाच सोडीन व्हय?"

"न्हाई, डोळ्याचं ऑपरेशन झालं तुमचं वैशाखात. डॉक्टर म्हणाले होते, वाकायचं न्हाई, जड उचलायचं न्हाई..."

"डॉक्टरला बांबूतलं काय कळतंय? तू भाकरी बघ."

ती आत गेली. जाताना तिनं एकदा परसाकडं बघितलं. मीही बघितलं. बेट सळसळत होतं. चारही बाजूंनी चरात पालापाचोळा पडलेला होता, पावसात पडतो तसा.

रविवारी सकाळी पाऊस उघडला होता. आण्णाप्पा आणि दोन पंच आले. गुरुजी इस्त्रीच्या सदऱ्यात, हातात मोजायचा टेप. त्यांची बायको, वत्सलावहिनी, चहाचा ट्रे घेऊन कपडे धुवायच्या दगडाजवळ उभी. मी खांद्यावर पहार आणि हातात कोयता घेऊन गेले. माणसानं जावं तर असं जावं. विजयमाला माझ्यामागं आली ती कमरेवर रिकामं डालगं घेऊन.

"ते कशाला आणलंस?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"तांबडी कोंबडी सकाळधरनं सुटलीय. घावली तर झाकीन."

डोकं फिरलं माझं. इथं बेटाचा जीव टांगणीला आणि हिला कोंबडी दिसतेय.

हौदाजवळ तीन कोंब होते. सरळ, बोटाएवढे, पिवळसर. पहिल्या नजरेतच मी ओळखलं आणि छाती अशी भरून आली की पहार हलकी झाली. पण मी घाई केली नाही. खाली बसले, एका कोंबाचं वरचं सालपट सोललं आणि गुरुजींच्या पुढं धरलं.

"गुरुजी, यावर हात फिरवा."

त्यांनी फिरवला. "बरं. मग?"

"काय लागलं?"

"काही नाही. गुळगुळीत आहे."

"माझ्या माणग्याच्या कोंबावर तांबूस केस असतात. कुसळासारखे. त्यावर हात फिरवला असता तर दोन दिवस खाजवत बसला असता."

पंच हसले. गुरुजी हसले नाहीत. "हा काही पुरावा नव्हे. कोंब लहान आहे, केस नंतर येत असतील."

"तुमच्या पोराला दाढी नंतर आली तशी? कोंबाचं उलटं असतं, गुरुजी. केस लहानपणी असतात, मोठा झाला की झडतात." मी पहार पुढं केली. "तोंडानं पटत नसंल तर मुळीला विचारा. खणा."

एका पंचानं खणायला घेतलं. वीतभर खाली मुळी लागली. ती बघून मी सगळ्यांना जवळ बोलावलं. माझ्या माणग्याचा गड्डा आल्यासारखा असतो, जाड, आखूड, वाकडा. एका जागी बसून वाढणारा. ही मुळी दोरीसारखी होती, पेरापेराची, जमिनीखालून सरळ पळत आलेली.

"आता हिच्या मागं चला," मी म्हटलं. "हिचं माहेर बघू."

गुरुजी लगेच बांधाकडं वळले. माझ्या परसाच्या दिशेनं. पण मुळी तिकडं गेली नाही. पंच खणत गेला तशी ती हौदाला वळसा घालून, फरशीखालून, अंगण ओलांडून उलटी चालली. फाटकाकडं. फाटकाच्या दोन्ही बाजूंना गुरुजींच्या पोरानं पुण्याच्या नर्सरीतून आणून लावलेले पिवळ्या काठीचे शोभेचे बांबू होते. दोन वर्षांपूर्वी आणले तेव्हा गुरुजींनी सगळ्या गावाला बोलावून दाखवले होते. मलाही. "बघा हौसाबाई, बांबू असा असतो," म्हणाले होते. मी विसरले नव्हते.

सगळे तिकडं वाकले. आणि त्याच वेळी, कशाला कुणास ठाऊक, मी मागं वळून बघितलं.

बांधाच्या कडेला, धुण्याच्या दगडाच्या आडोशाला, जमिनीतून एक टोक वर आलं होतं. वीतभर. जाड. तांबूस.

ऑपरेशन झालं नसतं तर मला ते दिसलंही नसतं. आता नव्या डोळ्यानं त्यावरचा एकेक केस दिसत होता. तो रात्रीत आला असणार, कारण गुरुजींनी तीनच मोजले होते. तिथपर्यंत वीस पावलं होती आणि मला दोनसुद्धा टाकता येईनात.

"सापडलं!" आण्णाप्पा फाटकाजवळून उठत म्हणाले. "गुरुजी, हे तुमच्याच घरचं आहे बरं का. तुमच्या अभिजितनं आणलेलं. चला, आता रीतसर बांधाकडनंबी एक चक्कर मारू, म्हणजे कागदावर लिहायला मोकळे."

ते वळले. पंच वळले. आणि माझ्या तोंडातून, ज्या तोंडाला सगळा गाव भितो, शब्द फुटेना.

"हं हं हं! धर! धर!" विजयमाला ओरडली आणि धावत सुटली. धुण्याच्या दगडाशी जाऊन तिनं डालगं धपकन उपडं घातलं आणि वर एक धोंडा ठेवला. "घावली गं बया!"

सगळे थबकले.

"काय गं?" आण्णाप्पांनी विचारलं.

"कोंबडी, आण्णा. सकाळधरनं पळवतीया."

आण्णाप्पा दोन पावलं पुढं आले. "बघू तर."

"उचलू नका! खुडूक हाय. चोच मारती. परवा माझ्या हाताला रगत काढलं."

"खुडूक कोंबडी तर किरकिर करती," एक पंच म्हणाला. त्याच्या घरी पन्नास कोंबड्या होत्या. "हिचा आवाज कसा नाही?"

"भ्यालीय," विजयमाला म्हणाली. "एवढे पंच एकदम बघून कोण भिणार न्हाई?"

हशा पिकला. पण डालग्याची वीण विरळ असते, कोंबडीला वारा लागावा म्हणून. वत्सलावहिनी ट्रे घेऊन अगदी शेजारी उभी होती. तिनं खाली बघितलं. चांगलं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं, आणि ट्रे नेऊन त्या धोंड्यावरच टेकवला.

"राहू दे तिला सावलीत," ती म्हणाली. "तुम्ही चहा घ्या बघू, गार होतोय."

पंचांनी डालग्याभोवती उभं राहून चहा घेतला. बांधाकडची चक्कर तिथंच झाली. गुरुजींनी स्वतःच्या हातानं अर्ज फाडला. मला मोठ्यानं काहीतरी बोलायला हवं होतं, असा दिवस काही रोज येत नाही. मी चहाही पूर्ण प्याले नाही.

सगळे गेल्यावर मी एकटी गेले. धोंडा काढला, डालगं उचललं. तो माझाच होता. माझ्या बापानं खांद्यावरून आणलेल्या गड्ड्याचा नातू-पणतू. मी कोयत्यानं त्याला बुडाशी कापला आणि पदरात घेतला. हाताला कुसळं भरली ती भरली.

परसात आले तर बांधाकडच्या चरात विजयमाला उतरलेली. साडी खोचलेली, हातात माझी पहार. पालापाचोळा तिनं वर काढून टाकला होता, आणि त्याखाली जे मला माहीत होतं ते तिला दिसलं होतं. चर बुजलेला होता. त्या साली मी तीन बाजू मारल्या. चौथ्या बाजूला पोचेपर्यंत डोळ्यातून पाणी यायला लागलं, डोकं ठणकायला लागलं. कुणाला सांगायचं? लेक कामासाठी परगावी. सुनेला? जिला मी चार वर्षं पुस्तकातली बाई म्हणत होते तिला? मी त्यावर पाला ओढला, बाकीच्या तीन बाजूंसारखा दिसेल असा, आणि घरात येऊन चर मारला म्हणून सांगितलं.

बुजलेल्या मातीतून एक जाड मुळी बांधाखाली गेली होती. शिंगासारखी.

"विजयमाला," मी म्हटलं.

"बाजूला व्हा, आत्या. माती डोळ्यात जाईल."

मी बाजूला झाले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं आणि मी बाजूला झाले. तिला पहार धरता येत नव्हती, घाव मुळीवर कमी आणि दगडावर जास्त पडत होते. पण तिनं ती मुळी तोडली. मग चराची खोली दोन हातांनी मोजली, कोपरापासून बोटापर्यंत, दोनदा. हे तिला मी कधी शिकवलं नव्हतं. म्हणजे चार वर्षं ती बघत होती.

"कोंबडी कुठं गेली?" मी विचारलं.

"उडून गेली, आत्या."

"आणि तुला कसं कळलं गं, तो कोंब..."

"कुठला कोंब?" तिनं चरातूनच वर बघितलं. तोंड मातीनं भरलं होतं. "कोंबडी होती."

सोमवारी सकाळी गुरुजी माझ्या ओसरीवर हजर. शब्दाचे पक्के, हे मी त्यांच्या तोंडावर कधी सांगितलं नाही, इथं सांगते.

"राहू द्या, गुरुजी," मी म्हटलं. "गंमतीनं बोलले मी."

"गंमत नव्हती ती. पंचांसमोर ठरलं होतं. कुठं बसू?"

बसवलं. कामट्या दिल्या. चार घरं विणली की तीन सुटायची. पस्तीस वर्षं पोरांना वळण लावलेली बोटं, पण बांबूनं त्यांना दाद दिली नाही. मी शेजारी बसून दुरुस्त करत होते आणि मधेमधे हात खाजवत होते. खाजवायचं नाही असं ठरवलं तरी हात आपसूक जायचा. दोन्ही तळवे लाल झाले होते.

गुरुजींनी बघितलं. "हाताला काय झालं, हौसाबाई?"

"काय न्हाई. कामटी लागली."

"दोन्ही हातांना?"

मी त्यांची सुटलेली कामटी आत ओढली. गुरुजींनी मान खाली घातली आणि एक घर विणलं. तेवढं एकच नीट जमलं त्यांना त्या सबंध सुपात.

"दोन दिवसांनी जाईल," ते म्हणाले. मग जरा थांबून, "तीन तर माझेच होते."

सूप दुपारपर्यंत झालं. इतकं वाकडं सूप मी जन्मात पाहिलं नाही, पण ते मी आजपर्यंत मोडलं नाही. चुलीच्या वर टांगलेलं आहे.

तो कोंब मी दोन दिवस पाण्यात ठेवला, पाणी बदलत, कडूपणा जाईपर्यंत. भिजवलेले हरभरे घालून भाजी केली आणि वाटीभर वत्सलावहिनीला नेऊन दिली. "तुमच्याच अंगणातली आहे," मी म्हटलं. "म्हणजे अतिक्रमण झालं नाही," ती म्हणाली आणि आम्ही दोघी दारात उभ्या राहून इतक्या हसलो की गुरुजी आतून विचारायला आले.

पुढच्या आठवड्यात विजयमाला आणि मी गुरुजींच्या फाटकापाशी चर मारला. त्यांचा बांबू पळणारा, नुसत्या चरानं थांबणारा नव्हे, म्हणून चराच्या आत जुने पत्रे उभे पुरले, वर वीतभर दिसतील असे, म्हणजे मुळी पत्र्यावरून उडी मारायला गेली की लगेच दिसते. ती युक्ती विजयमालाची. माझ्या बापाच्या चरात पत्रा नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं मी तेव्हा म्हटलं नाही, पण पुढच्या वर्षी बांधाकडच्या बाजूला गुपचूप लावला.

आता चर विजयमालाच मारते. मी ओसरीवर बसून हाक मारते, ती ऐकते किंवा ऐकत नाही. मागच्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातून बायका आल्या होत्या, घराजवळ बांबू कसा ठेवायचा ते शिकायला. वीस-बावीस असतील. विजयमालानं सगळ्यांना चराच्या काठावर उभं केलं आणि हात कोपरापासून टेकवून खोली दाखवली, आतली काठी कुठली, बाहेरची कुठली, ते सांगितलं. आवाज असा की मागच्या बाईलाही ऐकू जावा. माझ्या बापाचे शब्द होते, पण तिनं ते स्वतःचे करून टाकले होते. मी मान ताठ करून ऐकत होते.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं," ती म्हणाली, "चर चुकवायचा नाही. या आमच्या आत्या. लग्न होऊन आल्यापासून यांच्या हातून एकदाही चर चुकला नाही."

पुढं उभी असलेली एक चुणचुणीत बाई म्हणाली, "एकदाही नाही? एवढ्या वर्षांत बांबू एकदाही पलीकडं गेला नाही?"

विजयमालानं माझ्याकडं बघितलं. सगळ्याच माझ्याकडं बघायला लागल्या.

"बांबू नाही गेला," ती म्हणाली. "एकदा आमची कोंबडी गेली होती गुरुजींच्या अंगणात. तेवढंच."

"खुडूक होती," मी म्हटलं.